त्या वर्षी आपण जिंकलो

लिफ्ट बंद पडली नसती तर ही गोष्ट माझ्यापर्यंत आलीच नसती. फेब्रुवारीतला शनिवार होता. ऊन लख्ख आणि वारा कान कापणारा, माद्रिदच्या पठारावर असतो तसा. माझ्या एका हातात बटाटे-टोमॅटोची पिशवी, दुसऱ्या हातात लेकीचं जॅकेट आणि लेकीच्या काखेत बास्केटबॉल. वर कुठेतरी दुरुस्तीवाल्याची ठोकाठोक चालू होती. तळमजल्याच्या पायरीवर पाचव्या मजल्यावरचे आजोबा बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांना जिना झेपत नाही. सूर्यफुलाच्या बिया दातांत फोडायच्या, टरफलं कागदाच्या पुडीत टाकायची, असा त्यांचा वेळ काढणं चाललं होतं. लेकीच्या काखेतला चेंडू पाहून ते एकदम बोलायला लागले. माझं स्पॅनिश बाजारहाटापुरतं, आणि आजोबा मूळचे दक्षिणेचे, शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकणारे. मी आपली हसून माना डोलावत राहिले. शेवटी लेकीला माझी कीव आली. ती नऊ वर्षांची आहे आणि इथल्याच शाळेत जाते. पायरीवर बूट आपटत म्हणाली, "आई, हे म्हणतायत, मी जाते ना त्या हॉलमध्ये पूर्वी पार्टिझान नावाचा बास्केटबॉलचा संघ खेळायचा. आणि त्या वर्षी आपण युरोप जिंकलो."

"आपण म्हणजे कोण?"

तिने खांदे उडवले. लिफ्ट आली, आजोबा आत शिरले, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो शब्द जाईना. स्पॅनिशमध्ये 'नोसोत्रोस' एकच. त्यात ऐकणारा धरलाय की वगळलाय, ते बोलणाऱ्याच्या पोटात राहतं. मराठीत तशी सोय नाही. तोंड उघडतानाच ठरवावं लागतं, 'आम्ही' की 'आपण'. लेकीने क्षणाचाही विचार न करता 'आपण' म्हटलं होतं आणि त्या 'आपण'मध्ये मला ओढलं होतं. ते वर्ष 1992 चं, आणि मी तेव्हा मिरजेत दुसरीत होते. माझी आजी या बाबतीत फार काटेकोर. घरात नवी सून आली की पहिली काही वर्षं तिला "आमच्यात असं करत नाहीत" म्हणायची. मग कधीतरी, कुठल्याशा श्राद्धाच्या स्वयंपाकात पुरण वाटता वाटता, तिच्या तोंडून "आपल्यात असं करत नाहीत" निघून जायचं. तो दिवस कोणी लिहून ठेवत नसे, पण माझ्या आईला तिचा अजून आठवतो. त्यासाठी सात वर्षं लागली म्हणते.

फुएनलाब्रादाला सात महिने पुरले होते.

हे गाव माद्रिदच्या दक्षिणेला, उपनगरी गाडीने अर्ध्या तासावर. इथे भाडं झेपतं म्हणून आम्ही राहतो, आणि मला वाटतं, इथले निम्मेअधिक लोक याच कारणाने राहत आले आहेत. 1970 साली इथे सात-आठ हजार माणसं होती. 1991 पर्यंत ती दीड लाखाच्या घरात गेली. आंदालुसिया, एक्स्ट्रेमादुरा, कास्तियाची कोरडवाहू खेडी सोडून माद्रिदला कामाला आलेली ही माणसं शहरात परवडेना म्हणून इथे येऊन पडली. विटांच्या लाल इमारती, प्रत्येक बाल्कनीवर तोच तो हिरवा कापडी पडदा, दोरीवर कपडे. पाहुण्याला फिरवून दाखवावं असं इथे फारसं काही नाही. नगरपालिकेने एक हॉल बांधला आणि त्याला फेर्नांदो मार्तिनचं नाव दिलं. अमेरिकेतल्या एनबीएत खेळलेला पहिला स्पॅनिश खेळाडू तो. 1989 च्या डिसेंबरात मोटार अपघातात सत्तावीस वर्षांचा असताना गेला. हॉल नवा कोरा, आणि त्यात खेळायला युरोपच्या दर्जाचा संघ गावाकडे नव्हता. तिकडे बेलग्रेडला एक संघ होता, पण त्याला खेळायला हॉल मिळत नव्हता.

1991 च्या उन्हाळ्यात युगोस्लाव्हिया उसवायला लागला. त्याच जूनमध्ये रोममध्ये युरोपचं अजिंक्यपद चालू होतं आणि युगोस्लाव्ह संघ सगळ्यांना धुऊन काढत होता. स्पर्धेच्या मध्यात, वेगळं होऊ पाहणाऱ्या स्लोव्हेनियाच्या सरकारकडून संघातल्या युरे झ्दोव्त्सला निरोप आला, आता तू यांच्याकडून खेळायचं नाहीस. तो बॅग भरून निघाला. बाकीच्यांनी त्याच्याविना सुवर्णपदक जिंकलं. त्या पदकसमारंभाचे फोटो पाहिले की लग्नाचे जुने फोटो आठवतात, ज्यांतल्या दोन भावांनी पुढे वाटणीवरून एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. शरद ऋतूत क्लबांची स्पर्धा सुरू व्हायची होती, आजच्या युरोलीगचा पूर्वावतार. युगोस्लाव्हियाचे तीन संघ पात्र ठरले होते: झाग्रेबचा चिबोना, सलग तीन वर्षं युरोप जिंकलेला स्प्लिटचा संघ आणि बेलग्रेडचा पार्टिझान. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, सांगितलं, घरचे सामने देशाबाहेर खेळा. तिघांनाही स्पेनमधली गावं मिळाली. पार्टिझानच्या वाट्याला आलं फुएनलाब्रादा.

संघ कसा? नुसती पोरं. अलेक्सांदर जोर्जेविच, सगळ्यांचा साशा, चोवीस वर्षांचा. प्रेद्राग दानिलोविच ऐन बाविशीत येणारा. झेल्को रेब्राचा तर विशीही न गाठलेला. बाहेरचा विकत आणलेला अमेरिकन खेळाडू एकही नाही. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच स्वतःच आदल्या हंगामापर्यंत याच पोरांबरोबर खेळत होता. एका उन्हाळ्यात खेळाडूचा प्रशिक्षक झाला. कालपर्यंत ज्यांच्याशी चेष्टामस्करी केली त्यांना आज हुकूम सोडायचे, हे ज्याला ऑफिसात बढती मिळाली आहे त्यालाच कळेल. क्लबने शहाणपणा करून त्याच्या शेजारी अलेक्सांदर निकोलिच या म्हाताऱ्या गुरूला बसवलं. त्यांना सगळे 'प्रोफेसर' म्हणत. जुन्या चित्रफितींमध्ये बाजूला एक गंभीर चेहरा दिसतो आणि त्याच्या शेजारी बत्तिशीही न गाठलेला एक तरुण लालबुंद होऊन ओरडताना दिसतो. पुढे हा तरुण युरोपचं विजेतेपद नऊ वेळा जिंकणार होता. दुसऱ्या कुठल्याही प्रशिक्षकाला ते साधलेलं नाही. पण त्या हिवाळ्यात तो फक्त परक्या गावात मुलं सांभाळणारा एक थोरला होता.

लिफ्टनंतर आजोबा मला ठिकठिकाणी भेटायला लागले. आधीही भेटत असतील, मी पाहत नव्हते. पावाच्या दुकानात, बसथांब्यावर, हॉलसमोरच्या बाकावर. मी लेकीला वर्गाला सोडून तासभर तिथेच थांबते. आजोबांना श्रोता हवा होता आणि मला स्पॅनिशचा सराव. गटात आठ संघ होते, म्हणजे घरचे सामने सात. आजोबा म्हणतात ते सातही सामन्यांना गेले. मला शंका आहे, पण विचारलं नाही. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतिसमारोहाला रात्ररात्र बसल्याचं सांगणारी सगळी माणसं खरंच आली असती तर दर्ग्यात पाय ठेवायला जागा उरली नसती. पहिल्या सामन्याला लोक गेले ते नवा हॉल बघायला, असं ते सांगतात. दुसऱ्याला गेले ते पोरं बरी खेळतात म्हणून. मग हळूहळू चित्र बदललं. पोरं गावात दिसायला लागली, उंचच उंच, टेलिफोनच्या बूथबाहेर रांगेत उभी. कुणाच्या तरी बायकोने कुणाला तरी सूप पाजलं. मुलांनी काळ्या-पांढऱ्या लोकरीचे स्कार्फ घातले. लोक म्हणायला लागले, 'पार्टिझान दे फुएनलाब्रादा'. बेलग्रेडचं नाव गळून पडलं आणि आमच्या या विटांच्या गावाचं नाव तिथे येऊन बसलं.

खरी गंमत एस्तुदियान्तेसच्या सामन्याची. एस्तुदियान्तेस म्हणजे माद्रिदचा संघ, अर्ध्या तासावरचा, त्याच गटातला. रीतीने पाहिलं तर यजमान तेच. पण आजोबा सांगतात की फुएनलाब्रादाने त्या दिवशी गळा फाडून पार्टिझानला साथ दिली. का, विचारलं. त्यांनी बी फोडली, टरफल पुडीत टाकलं आणि म्हणाले, "माद्रिदवाले आम्हाला काय समजतात, तुला माहीत आहे का?" हे वाक्य मला लेकीच्या मदतीशिवाय कळलं. पिंपरीत वाढलेल्या माझ्या नवऱ्यालाही कळलं असतं, फक्त शहराचं नाव बदलून.

त्या गटात पार्टिझान चौथे आले, म्हणजे जेमतेम पुढे सरकले. वरचे तीन संघ होते स्पेनमधल्याच बादालोनाचा जोवेन्तुत, इटलीचा मिलानो आणि एस्तुदियान्तेस. शेवटच्या चौघांच्या फेरीसाठी इस्तंबूलला पोहोचलेले चारही संघ या एकाच गटातले निघाले. त्याआधी उपान्त्यपूर्व फेरीत बोलोन्याच्या संघाशी गाठ पडली आणि तेवढ्यापुरती परवानगी मिळाली. पूर्ण हंगामात एकच सामना बेलग्रेडला, पिओनिर हॉलमध्ये. तो त्यांनी जिंकला. मग बोलोन्यात जाऊन निर्णायक सामनाही जिंकला. त्या एका घरच्या सामन्याचा विचार मी बरेचदा करते. महिनोन् महिने स्वतःचं घर परक्या गावात मांडलेली मुलं एका रात्रीपुरती खऱ्या घरी खेळतात, तेव्हा त्यांना घरी आल्यासारखं वाटत असेल का? आम्ही दोन वर्षांनी मिरजेला जातो तेव्हा पहिले दोन दिवस मला दिव्याची बटणं सापडत नाहीत.

इथवर गोष्ट गोड आहे. बेघर पोरं, गरीब गाव, माया. मीही पहिले काही आठवडे तिच्यात रमले. मग एका रात्री, लेक झोपल्यावर, त्या हिवाळ्याच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि गोडी उतरली. इकडे फुएनलाब्रादाच्या हॉलमध्ये ढोल वाजत होते, तेव्हा तिकडे क्रोएशियातलं वुकोव्हार शहर तोफांखाली भुगा होत होतं. 18 नोव्हेंबरला ते पडलं. दुब्रोव्हनिकवर गोळे पडत होते. ते गोळे युगोस्लाव्ह सैन्याचे होते, आणि पार्टिझान हा क्रीडासंघ 1945 साली जन्माला आला तो त्याच सैन्याच्या पोटी. स्प्लिट आणि झाग्रेबची पोरंही त्याच स्पेनमध्ये, तशाच परक्या हॉलमध्ये 'घरचे' सामने खेळत होती. त्यांच्या क्रोएशियावर हल्ला होत होता. बेलग्रेड त्या हिवाळ्यात शाबूत होतं. म्हणजे बेघरपण तिघांचं एका नियमाने आलेलं, पण तिघांचं सारखं नव्हतं. यात पोरांचा काय दोष, असं मन लगेच म्हणतं. दोष नाहीच. पार्टिझानच्याच संघात इवो नाकिच होता, क्रोएशियातल्या रियेकात जन्मलेला. दानिलोविच तर बोस्नियातल्या सारायेवोचा. तिथे जन्मला, तिथल्या बोस्ना क्लबात खेळायला शिकला. सारायेवोला वेढा पडला एप्रिल 1992 च्या पहिल्या आठवड्यात. इस्तंबूलचा अंतिम सामना 16 एप्रिलला. मध्ये जेमतेम दहा दिवस. त्या दहा दिवसांत त्याच्या मनात काय चाललं होतं ते तोच जाणे. अंतिम सामन्यात त्याने 25 गुण केले.

आजोबांच्या गोष्टीत वुकोव्हार नाही. मी एकदा नाव काढलं तर ते समोरच्या झाडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तेव्हा बातम्यांत रोज काहीतरी दाखवायचे." मला राग आला त्यांचा. मग आठवलं, त्याच मार्चमध्ये मी पहाटे पाचला उठून वडिलांच्या मांडीवर ऑस्ट्रेलियातला क्रिकेटचा विश्वचषक बघत होते आणि मला दक्षिण आफ्रिकेला एका चेंडूत एकवीस धावा करायला लावल्याचं केवढं दुःख झालं होतं. तो देश इतकी वर्षं खेळातून बाहेर का होता, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. सात वर्षांची होते, ही सबब. आजोबा तेव्हा पन्नाशीला टेकले असतील.

तो अंतिम सामना आता यूट्यूबवर आहे. चित्र दुधात पाणी घातल्यासारखं फिकट. खेळाडूंच्या चड्ड्या अजून जुन्या, तोकड्या धाटणीच्या. उपान्त्य सामन्यात मिलानोला 82-75 हरवून आलेले पार्टिझान आणि समोर जोवेन्तुत, बियाकाम्पा, कॉर्नी थॉम्पसन, जोफ्रेसा बंधू. पूर्ण सामना दोन्ही संघ एकमेकांच्या मानगुटीवर. मी बास्केटबॉल कधी खेळले नाही. लेकीमुळे पाहायला शिकले. तरी शेवटच्या मिनिटात मी उभी होते. तोमास जोफ्रेसा आत घुसतो आणि चेंडू टाकतो, 70-68. जोवेन्तुतचा बाक हवेत. दहाएक सेकंद उरलेले. कोणी विश्रांती मागत नाही. पार्टिझानचा कोप्रिवित्सा चेंडू जोर्जेविचकडे देतो आणि जोर्जेविच पळत सुटतो. अख्खं मैदान कडेकडेने कापत, तोल जाऊन, एका पायावर. तो चेंडू फेकतो की चेंडू त्याच्या हातून निसटतो, हे मला चार वेळा पाहूनही कळलेलं नाही. जाळीत पडतो तो मात्र आवाज न करता, तीन गुणांचा. 71-70. जोवेन्तुतला तीन-चार सेकंद उरतात, त्यात काही होत नाही. दानिलोविच आणि जोर्जेविच या दोघांनी मिळून 71 पैकी 48 गुण केले होते. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळतात. त्या ढिगाऱ्यातून एक हात वर येतो आणि बराच वेळ वरच राहतो. कोणाचा, ते दिसत नाही.

पुढच्या वर्षी विजेतेपद राखायला ते आलेच नाहीत. येऊ दिलं नाही. 30 मे 1992 ला संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले, त्यांत खेळही आला. पोरं पांगली, आणि कुठे पांगली ते बघा. दानिलोविच बोलोन्याला गेला, ज्यांना उपान्त्यपूर्व फेरीत हरवलं त्यांच्याकडे. जोर्जेविच मिलानोला, ज्यांना उपान्त्य फेरीत हरवलं त्यांच्याकडे. वर्षभराने ओब्रादोविच बादालोनाला, ज्यांचं त्या तीन सेकंदांत वाटोळं झालं त्यांच्याकडे. 1994 मध्ये त्याने जोवेन्तुतला विजेतेपद मिळवून दिलं, आणि तेही शेवटच्या क्षणांतल्या तीन गुणांच्या फेकीवर. फेकणारा कॉर्नी थॉम्पसन, जो इस्तंबूलला हरलेल्या बाजूला होता. आणि मधल्या, 1993 च्या वर्षी? फ्रान्सचं लिमोज जिंकलं. त्यांच्याकडे होता युरे झ्दोव्त्स, रोमहून बॅग भरून निघालेला. हे सगळं कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

माझे वडील बदलीच्या नोकरीत होते. दर तीन वर्षांनी गाव बदलायचं. नव्या गावी पहिल्या रात्री आई सतरंजीवर आम्हाला झोपवायची आणि वडील उद्या काय काय आणायचं ते मोठ्याने सांगायचे, "आपला दूधवाला, आपला वाणी, आपला गॅसवाला". अजून ज्यांचं तोंडही पाहिलं नाही अशी माणसं. मला वाटायचं, हे कुठून आणतात इतके 'आपले'? आता समजतं, सतरंजीवर झोप यावी म्हणून ते उसने घेत होते. जुन्या गावचे आपले तिथेच सोडून यायचे, नव्या गावी नवे घ्यायचे. फुएनलाब्रादाने तेच केलं असेल का? आपापलं गाव मागे टाकून आलेल्या दीड लाख लोकांना सात महिने एक संघ उसना मिळाला, आणि परत करायची वेळ आली तेव्हा मागायला कोणी आलंच नाही.

परवा लेकीचा वर्ग सुटायची वाट बघत हॉलसमोर उभी होते. मार्च संपत आलाय. बाकावर आजोबा, हातात पुडी. बरेच दिवस एक प्रश्न घोळत होता, तो मी मनातल्या मनात जुळवून आणला होता. अंतिम सामना कुठे पाहिलात? चौकातल्या बारमध्ये, ते म्हणाले, ताटलीत ऑलिव्ह आणि टीव्ही छताला टांगलेला. बार भरलेला होता का? भरलेला. पण समोर जोवेन्तुत होता, मी म्हटलं, स्पेनचा संघ. मग बारमध्ये लोक कोणाच्या बाजूने होते?

ते हसले. म्हणाले की अर्धे लोक इकडे, अर्धे तिकडे. जोफ्रेसाने ते दोन गुण केले तेव्हा मालकाने सगळ्यांसाठी एकेक ग्लास जाहीर केला आणि मग ती शेवटची फेक पडली. तो ग्लास त्याला तरीही द्यावा लागला, कारण शब्द दिला होता.

"आणि तुम्ही?"

"कोन लोस नुएस्त्रोस," ते म्हणाले. आमच्यांच्या बाजूने, की आपल्यांच्या?

दार उघडलं, पोरांचा घोळका बाहेर आला. घामाचा, रबराचा आणि मेणचट फरशीचा वास आला. लेक चेंडू आपटत आमच्यापर्यंत आली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. मी तिला विचारलं, आजोबा आत्ता काय म्हणाले? तिचं लक्ष नव्हतं. मान वर न करता म्हणाली, "मी नाही ऐकलं. तूच सांग ना." आजोबांनी तिच्यापुढे बियांची पुडी धरली. तिने मूठभर घेतल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या, आणि आम्ही तिघं टरफलं कुठे टाकायची ते शोधत घराकडे निघालो.